जलपर्णी वरून येते

पंचायत समितीच्या सभागृहात नऊ ग्रामपंचायतींचे सरपंच आणि ग्रामसेवक बसले होते. विषय नदीत माजलेली जलपर्णी. सर्वांत खालच्या गावापासून बोलायला सुरुवात केली. "मॅडम, आमच्यात नाही होत ती. वरनं येते." त्याच्या वरच्या गावानेही तेच सांगितलं, त्याच्याही वरच्याने तेच. नववं गाव नदीच्या उगमाकडचं, शहराला लागून. मला वाटलं, यांच्या वर आमच्या तालुक्यात गावच नाही, आता तरी काही वेगळं ऐकायला मिळेल. सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं शहरातनं येते." शहर म्हणजे नगरपरिषद. त्यांचे स्वच्छता निरीक्षक मागच्या रांगेत मोबाइल बघत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आमच्या हद्दीत नदी सगळी दोन किलोमीटर. आमच्याकडं धरणातनं येते."

धरणाच्या भिंतीपाशी जलपर्णीचं पानही नव्हतं. मी आदल्या आठवड्यात बघून आले होते.

ही डिसेंबर २०२२ची गोष्ट. मी तेव्हा त्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) होते. सर्वांत खालच्या गावाच्या जॅकवेलचा, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीचा, फुटव्हॉल्व, ज्याला गावात सगळे फुटबॉलच म्हणतात, मुळांनी आणि कुजक्या पानांनी गच्च भरला होता आणि गावाला तीन दिवस नळाचं पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी गावकऱ्यांनी एक ट्रॉली जलपर्णी आणून आमच्या फाटकात ओतली. आठवड्याभरात वरून पत्र आलं, 'सर्व संबंधितांशी समन्वय साधून तात्काळ कार्यवाही करावी व अनुपालन अहवाल सादर करावा.' नोकरीत एवढी वर्षं काढल्यावर मला एक कळलंय. ज्या कामाला लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचं खातं, नसतं, त्या कामाला समन्वय म्हणतात. बीडीओसाहेबांनी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांनी, पत्रावर माझं नाव टाकलं.

तणाचा मला अनुभव नव्हता असं नाही. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत सप्ताह होतो, तो मी दोन तालुक्यांत राबवला होता. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ची आणि तीही पुण्यातली, हे वाक्य मी दर वर्षी शाळांतल्या भाषणात म्हणायचे. मुलं उपटायची, फोटो निघायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडा पुन्हा पांढऱ्या. बरेचदा तर फुलं येऊन गेल्यावर आम्ही उपटायचो, म्हणजे बी झाडायला मदतच. तेव्हा त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. शेतकऱ्याचा बांध असतो, ज्याचं तो बघतो. नदीला तसा बांध नसतो.

पहिल्या बैठकीनंतर दोन गोष्टी ठरवल्या. पुढची बैठक लगेच घ्यायची नाही, आणि त्याआधी नदी पायी बघायची. शहराच्या नाल्यापासून खालच्या गावापर्यंत काठाकाठाने ३१ किलोमीटर, मध्ये चार कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. चार शनिवार लागले. बरोबर दर वेळी त्या गावचा ग्रामपंचायत कर्मचारी, आणि दोन ठिकाणी एक भोई काका होते, गुळाच्या जुन्या काहिलीत बसून जाळी टाकणारे. नदीबद्दल जे कामाचं कळलं ते बहुतेक त्यांच्याकडून.

सांगायचं झालं तर जलपर्णी साठते कुठे आणि वाढते कुठे, या दोन वेगळ्या जागा होत्या. तक्रारी सगळ्या साठण्याच्या जागांवरून होत्या. प्रत्येक बंधाऱ्याच्या पाठीमागे गुडघ्याच्या वर उंचीची, जाड देठांची जुनी झाडं एकमेकांत अशी गुंतलेली, की वर बगळा चालत जायचा. पण नाल्याच्या मुखापासून पहिल्या बंधाऱ्यापर्यंतच्या चार किलोमीटरांत चित्र निराळं. काठाच्या लव्हाळ्यात, उथळ वळणांवर, दशक्रियेच्या घाटाच्या पायऱ्यांशी तळहाताएवढी पिल्लं. फुगीर देठांची, चकचकीत, देखणी. भोई काका काहिलीतून वाकून एक उचलून मला देत म्हणाले, "ही बघा आई."

ते रोप मी हातात घेऊन बराच वेळ बघितलं. देठ दाबला की चिरमुरा फुटावा तसा आवाज, आत स्पंजासारखा फेस, सगळी हवा. म्हणून तरंगतं. खाली पिसांसारखी काळी-जांभळी मुळं, त्यांना गाळाचा वास आणि चिकटलेले बारीक किडे. आणि बाजूला पेन्सिलीएवढ्या जाडीची एक आडवी काडी, तिच्या टोकाला दुसरं रोप, त्याला आणखी एक काडी, तिच्या टोकाला तिसरं. एक उचललं की पाच आले. काडी तुटली तरी प्रत्येक रोप स्वतंत्रपणे जगतं. पाणी उबदार आणि खत भरपूर असलं तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, हे मी वाचलं होतं. या काड्या बघितल्यावर ते दुप्पट होणं म्हणजे काय ते दिसलं. शिवाय बी. ते गाळात पडून वीस-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये पोचली ती फुलाच्या शोभेपायी, असं सांगतात. तिथे १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि ज्याच्या ताब्यातल्या पाण्यात ती असेल त्याने ती काढायची, असं त्यात ठरलं. हे वाचल्यावर मला हसू आलं. ज्याच्या ताब्यातलं पाणी! आमच्याकडे नऊ गावं होती आणि ताबा कबूल करायला कोणीच तयार नव्हतं.

घरी येऊन एक उद्योग केला. निळा ड्रम अर्धा कापून दोन टोपल्या केल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत नाल्याचं. दोन्हींत तीन-तीन रोपं. महिन्याभरात नळाच्या पाण्यातली पिवळी पडून जेमतेम टिकून होती. नाल्याच्या पाण्यातल्या टोपलीचा पृष्ठभाग दिसेनासा झाला. यात शास्त्र काही नाही. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, ऊस जसा युरियावर धावतो तशी ही त्याच्यावर धावते, हे कुणीही सांगेल. पण त्या दोन टोपल्या मी पुढच्या बैठकीत टेबलावर आणून ठेवल्या, आणि स्वच्छता निरीक्षकांनी त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवला.

आता पैसे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण खरी अडचण इथेच होती. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे तेव्हा ग्रामपंचायतीकडे यायचे, त्यात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे स्वच्छता आणि पिण्याचं पाणी. जलपर्णी कशात? एका ग्रामसेवक भाऊसाहेबांचं म्हणणं, जॅकवेल वाचवायला काढतोय तर ती पाणीपुरवठ्यातच. दुसऱ्यांचं म्हणणं, नदी जलसंपदाची, आपण हात लावला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणार. दोघंही बरोबर होते. शेवटी जॅकवेलच्या वरचा पट्टा बंधितातून आणि बाकी अबंधितातून, असा तोडगा निघाला. पण आराखडे आधीच ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेले. बदलायचे तर ग्रामसभा. नऊ गावं, नऊ ग्रामसभा, त्यातल्या दोन गणपूर्तीअभावी तहकूब. रोजगार हमीतून करू म्हटलं तर तिथे यंत्र चालत नाही आणि ठेकेदारही चालत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, खाली गाळ, त्यात बायामाणसं उतरवायची माझी तयारी नव्हती. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक होते, निवडणुका लांबलेल्या. एका परीने बरं होतं, सभागृहाची वाट बघायची नाही. पण सही करणारा माणूस कधी बदलेल याचा भरवसा नाही. आणि तो बदललाच, मार्चमध्ये.

ज्या गावाचा ठराव आधी झाला, त्याने काम आधी काढलं. ते नेमकं सर्वांत खालचं गाव. बिचाऱ्यांचा जॅकवेल बंद पडत होता, त्यांना थांबा कसं सांगायचं? मी सांगितलं नाही, आणि ती चूक माझी. एप्रिलमध्ये लांब हाताचा पोकलेन आला, आठ दिवस चालला, नदी आरशासारखी झाली. आमदारांनी येऊन पाहणी केली. मी अनुपालन अहवालाला फोटो जोडले.

या कामात मोजमापाचं जे नाटक झालं ते सांगायलाच हवं, कारण पुढे सगळं त्यावरच फिरलं. शाखा अभियंत्याने विचारलं, "मॅडम, एमबीत काय मोजू?" मोजमाप पुस्तिकेत खड्डा मोजता येतो, भराव मोजता येतो. ठेकेदार म्हणाला, ट्रॉल्या मोजा. पण ताज्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओली भरली की वीस ट्रॉल्या, दोन दिवस काठावर वाळत ठेवली की चार. मग ट्रॉली कशी भरायची यावर वाद. ठेकेदाराची माणसं पोकळ रचायची, वरून डोंगर दिसायचा. दुसरा उपाय क्षेत्रफळाचा. अभियंत्याने सकाळी टेप लावून हिरवा पट्टा मोजला, चौरस मीटर लिहिले. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि अख्खा पट्टा सरकून पलीकडच्या काठाला लागला. पलीकडचा काठ दुसऱ्या तालुक्यात. अभियंता माझ्याकडे बघतोय, मी पोकलेनवाल्याकडे, पोकलेनवाला पलीकडे. "सायंकाळी येईल परत," भोई काका म्हणाले. आली. पण एमबीत सकाळ-दुपार असा रकाना नसतो.

काम संपून अकरावा दिवस. उन्हाळी आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं. जलसंपदाचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं, कालवा सल्लागार समितीत. त्याची प्रत आमच्या कार्यालयात येते आणि एका जाड फाइलीत जाते. मी ती काढून बघितली नव्हती. पाणी वाढलं, वरच्या तीन बंधाऱ्यांमागचा सगळा माल सुटा होऊन खाली निघाला आणि दोन दिवसांत स्वच्छ केलेल्या पट्ट्यात येऊन बसला. सरपंचांचा फोन आला. शिव्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आमचे पैसे गेले. वरची मंडळी कधी काढणार होती?"

वरची मंडळी काढत होती, पण वेगळ्या तऱ्हेने. मे महिन्यात एका रात्री दुसऱ्या बंधाऱ्याचे तीन बर्गे कुणीतरी उचलले. बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या लोखंडी फळ्या. त्या काढल्या की पाणी वाहतं आणि पाण्याबरोबर सगळं हिरवं खाली जातं. वरच्या गावची अडचण एका रात्रीत खालच्या गावाकडे बदलून गेली. त्या गावात नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. गंमत अशी की त्या पाण्यावर वरच्याच गावाचा ऊस उभा होता. जलपर्णी गेली, पाणीही गेलं आणि मोटारी उघड्या पडल्या. खालचे लोक चाळीस मोटरसायकलींवर वर आले. पोलीस पाटील, दोन्ही सरपंच, मी आणि बीडीओसाहेब, असे आम्ही बंधाऱ्यावर रात्री अकरापर्यंत बसून होतो. वरच्या गावच्या एका म्हाताऱ्या आण्णांनी शेवटी कबूल केल्यासारखं म्हटलं, "पूर्वीपासून असंच करतात की. खाली सोडून द्यायची. शेवटी जाती समुद्राला." आमची नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. समुद्र फार लांब होता.

जूनमध्ये उरलंसुरलं हसं झालं. काठावर रचलेले ढीग पूररेषेच्या आतच होते. पाणी चढलं आणि ढीग तरंगत निघाले. वरचा थर वाळून तपकिरी झालेला, पण आतला ओला भाग हिरवागार, त्यातल्या काही रोपांना जांभळी फुलं. एक मुलगी पुलावरून त्या फुलांचा व्हिडिओ काढत होती. फुल खरंच सुंदर असतं, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. मीही बघत उभी राहिले, काय करणार.

त्या पावसाळ्यात मला झटपट उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. एक जण ड्रोनने तणनाशक मारायचा प्रस्ताव घेऊन आला. खाली सात गावं तेच पाणी पितात म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, प्रमाणातच मारू." मारून टाकलेली जलपर्णी तळाशी बसून कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते, मासे मरतात, आणि नाला चालूच असल्याने बियांतून पुन्हा उगवते. मी ती फाइल पुढे सरकवली नाही. कृषी महाविद्यालयातल्या एका सरांनी भुंगेऱ्यांबद्दल सांगितलं, निओकेटिना नावाचे. १९८०च्या दशकात बंगळूरच्या बाजूला तलावांत सोडले होते आणि तिथे त्यांनी जलपर्णी खाऊन आटोक्यात आणली. मला आशा वाटली. पण सरांनीच सांगितलं, ही तलावाची गोष्ट आहे, तीही काही वर्षांची. तुमच्या नदीला दर पावसाळ्यात पूर येतो, त्यात जलपर्णीबरोबर भुंगेरेही वाहून जाणार. एखाद्या साठवण तलावासाठी विचार करा म्हणाले. माझ्या तालुक्यात तसा तलाव नव्हता.

दुसऱ्या वर्षी जे केलं त्यातली अर्धी कल्पना भोई काकांची. त्यांची तक्रार अशी होती, की जाळ्यात जलपर्णी अडकते म्हणून ते जाळ्याच्या वर एक दोर आडवा बांधतात, त्याला रिकामे डबे. "तसा मोठा दोर टाका की हद्दीला," ते म्हणाले. प्लॅस्टिकचे दोनशे लिटरचे ड्रम, जाड नायलॉनचा दोर, खाली फूटभर लोंबणारी जुनी जाळी, दोन्ही काठांना काँक्रीटचे ठोकळे. बाजारात असे तयार तरंगते अडथळे मिळतात, पण ते आमच्या आवाक्याबाहेरचे. वाहत्या पाण्यात हा दोर टिकत नाही, पुरात तर तुटतोच, म्हणून पावसाळ्याआधी काढायचा आणि पाणी उतरल्यावर बांधायचा. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खालच्या हद्दीला एक. गावकऱ्यांनी त्याचं नाव पाडलं हद्दीचा दोर.

या दोराने जलपर्णी अडली हा फायदा होताच. पण मला जो फायदा हवा होता तो वेगळा. नऊ दोर पडल्यावर नऊ गावांचा माल नऊ ठिकाणी वेगवेगळा साठायला लागला. आता 'वरून येते' म्हटलं तर वरच्या दोराकडे बोट दाखवता येत होतं, आणि तो दोर रिकामा असला तर तोंड बंद. पहिल्या पंधरवड्यातच निकाल लागला. वरून मोजलं तर पहिल्या गावाच्या दोराला ढीग, पाचव्याच्या दोराला ढीग, बाकी ठिकाणी किरकोळ. पाचव्या गावाला कळेना की आपल्याकडे कुठून. शोधलं तर एक ओढा सापडला, आश्रमशाळेच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याचा. मी चार शनिवार चालूनही तो मला दिसला नव्हता. ओढ्याच्या तोंडावर बाभळीच्या खाली पंचवीस-तीस फुटांचं एक डबकं, त्यात गच्च. पाचव्या गावचे सरपंच, खरं तर सरपंचपती, सभेला कायम तेच यायचे, आधी दोराच्या खर्चाला सर्वांत जास्त विरोध करत होते. डबक्याच्या काठावर उभं राहून ते म्हणाले, "म्हणजे आम्ही चार गावांना पुरवत होतो की हो." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने डबकं साफ करून घेतलं.

दोराची वाईट बाजूही आहे. त्याला जलपर्णीबरोबर सगळंच अडकतं. थर्माकोल, निर्माल्य, दारूच्या बाटल्या, एकदा मेलेलं वासरू. ते कुणी काढायचं यावर दर आठवड्याला फोन.

खरी लढाई मात्र तारखेची होती. उन्हाळ्यात नदी हिरवी दिसते तेव्हा पैसे मंजूर होतात, कारण ओरड असते. तोपर्यंत माल इतका वाढलेला असतो की पोकलेनशिवाय गत्यंतर नाही. पावसाळ्यानंतर, पुराने नदी धुऊन निघाल्यावर, काठाच्या कोपऱ्यांत मोजकी रोपं उरतात. ती तेव्हा हाताने काढली तर पुढचं सगळं टळतं. ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्यांत बर्गे घालून पाणी अडवतात. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे, वाहतं पाणी, कमी खोली, हीच वेळ. पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभं राहून स्वच्छ दिसणाऱ्या नदीतली जलपर्णी काढायला पैसे मागून बघा. एका गावात एक तरुण उठला, "मॅडम, नदीत काय नाय आणि तुम्ही बिल काढताय." टाळ्या पडल्या. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काहिलीत बसवलं. लव्हाळ्यात हात घालून त्याने स्वतः चाळीसेक रोपं काढली. तो पुढे त्या गावच्या पथकात आला, पण ठराव त्या ग्रामसभेत झाला नव्हता, तो नोव्हेंबरात झाला. त्या गावाचं काम उशिरा झालं आणि त्या पट्ट्यात त्या वर्षी पोकलेन लागलाच.

मोजमापाचा गुंताही तेव्हा सुटला. ट्रॉल्या नाहीत, चौरस मीटर नाहीत. एका गावाची हद्द म्हणजे एक काम, वरच्या दोरापासून खालच्या दोरापर्यंत. पथकाला पैसे तीन टप्प्यांत, पहिल्या सफाईनंतर, पंधरा दिवसांनी आणि दीड महिन्यांनी, आणि दर वेळी तपासणीच्या दिवशी पाण्यावर काय दिसतं ते बघून. लेखा शाखेने कुरकुर केली. 'न काढलेल्या जलपर्णीचे पैसे' असा शब्दप्रयोग एका टिपणीत आला होता. बीडीओसाहेबांनी त्याखाली फक्त 'चर्चा केली' लिहून सही केली. तेवढं पुरलं.

पलीकडच्या काठाचं मात्र बरेच दिवस जमलं नाही. दुसरा तालुका, दुसरी पंचायत समिती, दुसरे साहेब. पत्रं गेली, उत्तरं आली, 'आमच्या स्तरावर कार्यवाही सुरू आहे.' शेवटी काम झालं ते पत्राने नाही. दोन्हीकडची एक सोयरीक होती, तिसऱ्या गावच्या सरपंचबाईंचं माहेर पलीकडचं. त्या भावाकडे भाऊबिजेला गेल्या आणि येताना त्यांच्या ग्रामसेवकाला तारीख ठरवायला भाग पाडून आल्या. अहवालात हे कसं लिहायचं? मी 'आंतरतालुका समन्वय' लिहिलं.

शहराचा नाला आजही तसाच वाहतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव कागदावर पुढे सरकलाय, एवढंच खात्रीने सांगता येतं. नगरपरिषदेने केलं ते असं, की नाल्याच्या मुखाशी दोर टाकला आणि घंटागाडीवरची चार माणसं आठवड्यातून एक दिवस तिथे दिली. हे पुरेसं नाही. नत्र-स्फुरद खाली येतंच आहे आणि गाळात बी आहेच. पण पिल्लं मुखाशीच काढली जातात, त्यामुळे खालच्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. काढलेला माल आता निळ्या पूररेषेच्या बाहेर टाकायचा, हे पहिल्या वर्षीच्या जूननंतर कुणाला सांगावं लागलं नाही. दोन गावांत त्याचं खत करतात. शेतात टाकायला लोक बिचकतात, बी जाईल म्हणून. जलपर्णी कोरड्या रानात जगत नाही हे सांगूनही पटत नाही. फुलं येण्याआधी काढलेलीच घ्या म्हटल्यावर काही जण उसाच्या सरीत आच्छादनाला नेतात.

२०२४च्या ऑक्टोबरात, बदलीचा आदेश हातात असताना, मी शेवटच्या तपासणीला पहिल्या बंधाऱ्यावर गेले. बर्गे घालायला जलसंपदाची माणसं आलेली, क्रेन उभी. शहराच्या दिशेने नाल्याचा वास येत होता. दोराच्या कडेला ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा पोरगा काहिलीत बसून हात घालत होता. वर आला आणि त्याने काढलेली रोपं बंधाऱ्याच्या काँक्रीटवर ओळीने मांडली. एक मोठं, त्याच्या काड्यांना तीन पिल्लं, आणि तीन सुटी.

शाखा अभियंत्याने पुस्तिका उघडली, पेनाचं टोपण दातांत धरलं. "मॅडम, परिमाण काय टाकू?"

"नग," मी म्हटलं.

त्याने लिहिलं, ७ नग, आणि पुस्तिका सहीसाठी माझ्याकडे केली.